किडनीचा तपासणी अहवाल कसा वाचावा

खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडच्या अनेक घरांत लॅबचा इंग्रजी अहवाल येतो, डॉक्टर कन्नडमधून समजावतात आणि आपण मात्र केवळ 'क्रिएटिनिन किती?' एवढेच विचारून थांबतो. तेवढ्यावर थांबू नये, कारण क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ स्नायूंतून तयार होत असल्याने त्याच्या एका आकड्याचा अर्थ वय आणि लिंगानुसार बदलतो. वय आणि लिंग धरणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने, क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाजित वेग, सुमारे ७८ येतो. त्याच क्रिएटिनिनला ६५ वर्षांच्या आजींचा मात्र सुमारे ४६. म्हणून अहवालात ईजीएफआर आवर्जून पाहावा.

हा वेग ६० पेक्षा कमी असेल आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला, तर दीर्घकालीन किडनीविकार मानला जातो. एकाच अहवालावरून निदान पक्के होत नाही. उन्हात ऊसतोडणी करून शरीरातले पाणी कमी झाले असेल, जुलाब झाले असतील किंवा वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील, तरी क्रिएटिनिन तात्पुरते वाढू शकते. मात्र आकडा झपाट्याने वाढत असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर तीन महिने वाट न पाहता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

लघवीची तपासणी अनेकदा राहून जाते, याची मला फार खंत वाटते. ईजीएफआर ९० असूनही लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तीन महिन्यांहून अधिक काळ ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त राहिले, तर तोही किडनीविकारच असतो. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा, तापात देऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात आणि जुने अहवाल तारखेनुसार एकाच फाईलमध्ये ठेवावेत.