दोघांसाठी काचोपो: आस्तुरियासच्या भरलेल्या स्टेकचे जेवण

स्पेनच्या उत्तरेला, कांताब्रियन समुद्र आणि पिकोस दे एउरोपा ही चुनखडीची डोंगररांग यांच्यामध्ये आस्तुरियास हा हिरवागार, पावसाळी प्रांत आहे. तिथल्या खाणावळीत काचोपो मागवला, की वासराच्या मांसाच्या दोन पातळ कापांमध्ये हॅम आणि चीज भरून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला एकच भलामोठा तुकडा टेबलाच्या मधोमध येतो. एकट्याने संपवण्याचा हा पदार्थ नव्हे. तो मधोमध कापून वाटूनच खायचा असतो. म्हणूनच दोघांच्या खास रात्रीच्या जेवणासाठी स्पॅनिश पदार्थांपैकी एक निवडायचा झाल्यास पाएया या स्पॅनिश भाताच्या पदार्थापेक्षाही काचोपोला पसंती द्यावी. पाएया शिजत असताना स्वयंपाक करणाऱ्याला शेगडीजवळून हलता येत नाही, तर काचोपोची जवळजवळ सगळी तयारी आधी होते आणि ऐन वेळी फक्त दहा मिनिटांचे तळण उरते. ज्याच्यासोबत जेवायचे त्याच्याकडे पाठ करून संध्याकाळ घालवावी लागत नाही, हे या बेताचे खरे बळ आहे.

स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊनंतरच होते. तीच वेळ धरल्यास दुपारी चारच्या सुमारास गोडापासून सुरुवात करावी, कारण आर्रोस कोन लेचे, म्हणजे आस्तुरियासची दाट तांदळाची खीर, थंड होऊन घट्ट बसायला काही तास लागतात. दोघांसाठी ६०० मिलिलिटर सायीचे दूध, ६० ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ, ५० ग्रॅम साखर, दालचिनीचा एक तुकडा आणि लिंबाच्या सालीचा पातळ पापुद्रा एवढे साहित्य पुरते. आपल्याकडचा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी या खिरीला उत्तम, कारण त्यांचा चिकटपणाच इथे हवा असतो. बासमती मात्र घेऊ नये. दूध दालचिनी आणि साल घालून तापवावे, तांदूळ टाकावा आणि अगदी मंद आचेवर, दर दोन-चार मिनिटांनी ढवळत, सव्वा ते दीड तास शिजवावे. साल दहा मिनिटांत काढून टाकावी, नाहीतर खिरीला कडवटपणा येतो. साखर शेवटच्या दहा मिनिटांतच घालावी, कारण आधी घातल्यास तांदूळ मऊ व्हायला फार वेळ लागतो आणि दूध तळाला लागण्याची भीती वाढते. चमचाभर लोणी घालून खीर मातीच्या किंवा जाड चिनी मातीच्या वाट्यांत ओतावी. आस्तुरियासमध्ये हिच्यावर साखर पसरून ती तापलेल्या लोखंडाने करपवतात. घरी गॅसची छोटी टॉर्च असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास एखादे जुने लोखंडी उलथने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून साखरेवर क्षणभर टेकवावे. हे काम वाढण्याच्या अगदी आधी करावे आणि काचेच्या वाट्यांवर मुळीच करू नये, कारण उष्णतेने त्या तडकतात.

आता मांसाकडे वळावे. आस्तुरियासमध्ये काचोपोसाठी स्थानिक जातींच्या तरुण गुरांचे मांस वापरतात आणि ‘तेर्नेरा आस्तुरियाना’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी खाटकाकडून मांडीच्या वरच्या, कमी चरबीच्या भागाचे, प्रत्येकी सुमारे १८० ग्रॅमचे दोन रुंद काप घ्यावेत. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या मांसावरही बंदी असल्यामुळे इथे म्हशीच्या मांसाचा अंडरकट, म्हणजे कण्याखालचा सर्वांत मऊ भाग, हा जवळचा पर्याय उरतो. इतर भाग थोडक्या वेळच्या तळणात चिवट राहतात. कोंबडीच्या छातीचे मांसही चालते आणि गोव्यात डुकराच्या पाठीचे मांस सहज मिळते. आस्तुरियासमध्येही मासे किंवा आळंबी घेऊन केलेले काचोपो मिळतात, त्यामुळे गोमांस नसले म्हणजे पदार्थ बिघडला असे मानण्याचे कारण नाही.

काप नेहमी धाग्यांच्या आडवे कापलेले असावेत. प्रत्येक काप प्लॅस्टिकच्या दोन जाड कागदांमध्ये ठेवून लाटण्याने किंवा बत्त्याच्या सपाट बाजूने मधून कडेकडे ठोकत न्यावा आणि त्याची जाडी सर्वत्र चार-पाच मिलिमीटर करावी. रागाने ठोकल्यास मांस फाटते आणि त्या भोकातून चीज बाहेर येते, म्हणून हलक्या हाताने पण जास्त वेळ ठोकणे बरे. दोन्ही कापांचा आकार शक्य तितका सारखा असावा. एक थोडा मोठा झाल्यास तो खाली ठेवावा. कापांना मीठ अगदी चिमूटभरच लावावे, कारण आत जाणारा हॅम आधीच खारट असतो. मिरपूड आणि लसणाची एक बारीक ठेचलेली पाकळी एवढे पुरे. आपल्या हाताला मसाल्याची सवय असते खरी, पण इथे तिखट-हळद घातल्यास उरतो तो केवळ चांगला कटलेट.

भरण्यासाठी हामोन सेर्रानो या मीठ लावून वाळवलेल्या हॅमच्या तीन-चार पातळ चकत्या आणि सुमारे १०० ग्रॅम चीज लागते. मोठ्या शहरांतील आयात मालाच्या दुकानांत सेर्रानो मिळतो. न मिळाल्यास चांगला शिजवलेला हॅम घ्यावा आणि मग मांसाला मीठ थोडे वाढवावे. चीज निवडताना मात्र जास्त विचार करावा. आस्तुरियास चीजसाठी प्रसिद्ध आहे आणि पिकोस दे एउरोपामधील नैसर्गिक गुहांत पिकवले जाणारे, निळ्या बुरशीचे काब्रालेस तर जगभर ओळखले जाते. काब्रालेस घातलेला काचोपो तिथे आवडीने खातात, पण त्याचा वास आणि तिखटपणा इतका प्रबळ असतो, की पहिल्याच जेवणात नुसते तेच चीज भरणे धाडसाचे ठरेल. चांगले वितळणारे सौम्य चीज ८० ग्रॅम आणि निळे चीज २० ग्रॅम असे मिश्रण केल्यास दोन्ही साधते. भारतात गाऊडा किंवा एमेंटाल घ्यावे. ताज्या मोझरेलातून पाणी सुटून आतले आवरण भिजते, आणि पनीर तर वितळतच नाही, म्हणून ही दोन्ही टाळावीत.

खालचा काप ताटात पसरून त्यावर हॅम, मग चीजचे काप, आणि वर पुन्हा हॅमची एक चकती ठेवावी. चीज दोन्ही बाजूंनी हॅममध्ये गुंडाळले गेले, तर ते कडेने वाहण्याची शक्यता बरीच कमी होते. चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर कड मोकळी सोडणे अत्यावश्यक आहे. दुसरा काप वर ठेवून या कडा बोटांनी दाबाव्यात आणि मग बत्त्याने हलकेच ठोकून एकजीव कराव्यात. टूथपिक टोचण्याचा मोह होतो, पण त्या तळताना जळतात आणि मंद प्रकाशात जेवणाऱ्याच्या तोंडात जातात. कडा नीट ठोकल्या असतील तर त्यांची गरजही पडत नाही.

घोळवण्यासाठी तीन पसरट ताटल्यांत मैदा, फेटलेली दोन अंडी आणि शिळ्या पावाचा कोरडा चुरा घ्यावा. काचोपो आधी मैद्यात, मग अंड्यात, मग चुऱ्यात घोळवावा, आणि कडांपुरता तो पुन्हा अंड्यात व चुऱ्यात बुडवावा. हे दुहेरी आवरण पूर्ण काचोपोला दिले तर कवच जाड आणि तेलकट होते. यानंतर तो जाळीवर ठेवून उघडाच फ्रीजमध्ये किमान अर्धा तास विसावू द्यावा, म्हणजे चुरा घट्ट बसतो आणि चीज थंड राहिल्यामुळे वितळायला थोडा उशीर लागतो. संध्याकाळी सहा-सात वाजेपर्यंत इथवरचे काम संपलेले असावे, म्हणजे अंघोळीला आणि टेबल मांडायला निवांत वेळ मिळतो.

सोबतीला तळलेले बटाटे आणि भाजलेल्या लाल मिरच्या एवढेच असते. स्पेनमध्ये नावार्रा प्रांतातील लोदोसाच्या पिकिल्यो मिरच्या बरणीत भरून विकल्या जातात. त्या नसतील तर मोठी लाल ढोबळी मिरची गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजावी, झाकून ठेवून सोलावी आणि तिच्या पट्ट्या मीठ व ऑलिव्ह तेलात मुरवाव्यात. बटाट्याच्या बोटभर फोडी आधी मंद तेलात शिजवून ठेवाव्यात आणि वाढण्याआधी कडकडीत तेलात तीन मिनिटे तळाव्यात.

तळण्यासाठी काचोपो आडवा मावेल अशी रुंद, जड बुडाची कढई घ्यावी, आणि घरात तेवढी मोठी कढई नसेल तर निमूटपणे दोन लहान काचोपो करावेत. ऑलिव्ह तेल महाग वाटल्यास शेंगदाणा तेल चालते; कढईत ते दीड-दोन सेंटिमीटर खोल असावे आणि १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे. थर्मामीटर नसल्यास ब्रेडचा तुकडा टाकून पाहावा. तो साधारण अर्ध्या मिनिटात सोनेरी झाला, की तेल तयार आहे. काचोपो स्वतःपासून दूरच्या दिशेने हळूच सोडावा, तीन ते चार मिनिटे तळावा, मग एक झारा खाली आणि एक वर धरून उलटावा आणि दुसरी बाजूही तितकाच वेळ तळावी. मधूनमधून वरच्या कडांवर चमच्याने तेल सोडावे. कोंबडी वापरली असेल तर प्रत्येक बाजूला एक मिनिट जास्त द्यावे आणि मांस आतून पूर्ण पांढरे झाल्याची खात्री करावी. बाहेर काढल्यावर तो कागदावर नव्हे तर जाळीवर दोन मिनिटे ठेवावा, कारण कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते. या दोन मिनिटांत चीज किंचित आळते आणि कापताना सगळे ताटभर सांडत नाही.

लाकडी पाटावर किंवा मोठ्या ताटात काचोपो मध्ये, एका बाजूला बटाटे आणि वर मिरच्यांच्या पट्ट्या अशी मांडणी करावी आणि कापण्याचे काम टेबलावरच करावे. धारदार, दातेरी सुरीने आडवा छेद देताच आतून चीज ओघळू लागते, आणि ते पाहण्यातच अर्धी मजा असते. हिरवा पाला, टोमॅटो आणि कांदा यांची व्हिनेगर घातलेली साधी कोशिंबीर जवळ ठेवावी, कारण इतक्या तेलकट घासांना आंबटपणाची साथ हवीच.

हाच आंबटपणा आस्तुरियासची माणसे सफरचंदाच्या नैसर्गिक मद्यातून, म्हणजे सिद्रातून मिळवतात. या सिद्रा संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बाटली डोक्याच्या वर उंच धरून, दुसऱ्या हातातील पेला कमरेखाली तिरपा ठेवून, बारीक धार पेल्याच्या काठावर आपटेल अशा रीतीने ती ओततात. या आपटण्याने सिद्रात हवा मिसळते आणि तिचा स्वाद खुलतो. एका वेळी पेल्यात दोन-तीन घोटच घेऊन ते लगेच पितात, तळाशी उरलेला थेंबभर भाग ओठ लागलेल्या काठावरून बाहेर टाकतात आणि तोच पेला पुढच्या माणसाकडे जातो. सिद्रा मिळाली नाही तर साखर न घातलेला, बुडबुड्यांचा सफरचंदाचा रस थंड करून घ्यावा. उंचावरून ओतण्याची हौस असेल तर आदल्या दिवशी साध्या पाण्याने सराव करावा, आणि प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी ओतणाऱ्याच्या पायाशी एक बादली ठेवावी.