जुना ट्रक तापतोय? आधी कधी तापतो ते पाहा

गाडी उभी असताना काटा चढतो आणि पळताना उतरतो, तर दोष बहुधा हवेचा: ढिला फॅन बेल्ट किंवा तुटलेलं श्राउड (फॅनभोवतीचं कडं). बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण 10 ते 15 मिमी दबला तर ठीक.

घाटात, लोडवर तापत असेल तर रेडिएटर बघा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत गंज, पांढरा थर दिसला तर नळ्या चोक आहेत. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं भरल्याचा हा परिणाम. जाळीतली माती इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने धुवा, नाहीतर पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून थर्मामीटरसह पाण्यात तापवा. त्यावर 82 छापलं असेल तर 82 अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. तो काढून टाकून गाडी चालवणं हा उपाय नव्हे. इंजिन थंड राहून डिझेल जास्त जातं.

थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा. मग लोड भरू नका.