स्क्रीन विझला की आकडे गायब: वेअर ओएसवर मोशन सेन्सर वाचताना या चुका टाळा

टेबलाशी बसून चालवलं की वेअर ओएसवरचं (गूगलची स्मार्टवॉचसाठीची सिस्टिम) ॲप झकास चालतं. हात खाली गेला, स्क्रीन विझला, की ॲक्सिलरोमीटरचे (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे बंद. लगेच घड्याळाला नावं ठेवली जातात. घोळ बहुधा कोडमध्येच असतो.

अँड्रॉइड ९ पासून बॅकग्राउंडला गेलेल्या ॲपला ॲक्सिलरोमीटर, जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) यांच्या नोंदी मिळत नाहीत. व्यायाम टिपायचा तर फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत चालू राहणारं काम) हवीच. एवढ्यावर भागत नाही. प्रोसेसर झोपला की साधा सेन्सर त्याला उठवत नाही. नोंदी फार तर सेन्सरच्या फिफोत (छोट्या तात्पुरत्या साठ्यात) साठतात, आणि तो भरला की जुन्या पुसून नव्या बसतात. एक तर प्रोसेसरला जागं ठेवणारा वेकलॉक धरा (बॅटरीची किंमत मोजून), नाहीतर झोपलेल्या प्रोसेसरला उठवणारा वेक-अप सेन्सर मागा. तो प्रत्येक घड्याळात असेलच असं नाही, म्हणून उत्तर नल (म्हणजे रिकामं) आलंय का ते तपासा.

साठलेल्या नोंदी एकदम आल्या की पुढची चूक उघडी पडते. कॉलबॅकमध्ये (नोंद आल्यावर सिस्टिम बोलावते त्या फंक्शनमध्ये) करंटटाइममिलिस, म्हणजे आत्ताची वेळ, घेतलं, तर पन्नास नोंदींवर जवळजवळ एकच वेळ पडते आणि जायरोवरून काढलेला कोन पार भरकटतो. नोंदीसोबत येणारा टाइमस्टॅम्पच वापरा. तो नॅनोसेकंदांत असतो आणि घड्याळ बूट झाल्यापासून मोजला जातो, तेव्हा त्यातून थेट तारीख काढायला जाऊ नका. दोन नोंदींमध्ये २०,००० मायक्रोसेकंदांचं अंतर मागितलं म्हणजे नेमके ५० हर्ट्झ मिळाले असंही धरू नका. ती नुसती विनंती आहे. खरा दर टाइमस्टॅम्पच्या फरकावरून काढा.

सगळ्यात छळणारी चूक मात्र एका ओळीची. इव्हेंटमधला (सेन्सरच्या प्रत्येक नोंदीमधला) व्हॅल्यूज ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, तसाच लिस्टमध्ये टाकला, की फाइलमध्ये ओळीच्या ओळी सारख्याच निघू शकतात, कारण सिस्टिम तोच ॲरे पुन्हा वापरते. तिथे क्लोन (वेगळी प्रत) करून ठेवा.

टेबलावर सपाट ठेवलेलं घड्याळ झेड अक्षावर ९.८१ मी/से² च्या आसपास दाखवत असेल तर ते ठीक आहे, ते गुरुत्वाकर्षण. नको असेल तर ते वगळून आकडे देणारा लिनियर ॲक्सिलरेशन सेन्सर घ्या. उगाच ९.८१ वजा करत बसू नका, मनगट वळलं की ते गणित कोसळतं.

स्टेप काउंटर रीबूटनंतर शून्यावर येतो. आजची पावलं हवी असतील तर दिवसाच्या सुरुवातीचा आकडा स्वतः साठवा, आणि नवा आकडा त्याहून लहान आला तर मध्ये घड्याळ रीबूट झालं असं समजा.