सिंधुदुर्गाला गट न्यायचा तर: कोल्हापूरच्या एका भिशीवालीचा बेत

सिंधुदुर्गाची सहल म्हटलं की आमच्या भिशीतल्या बायका पहिल्यांदा विचारतात, "जेवायचं कुठं?" मी आधी कालनिर्णय काढते आणि तिथी बघते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर हा किल्ला आहे. चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळं दिवसाची आखणी भरती-ओहोटीवर करावी लागते. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, आणि तेव्हा उधाणही असतं. वयस्कर बायका बरोबर असतील तर अष्टमी-नवमीच धरा. त्या दिवसांत भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला.

गाडीसाठी एस.टी.च्या डेपोत प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी बस भाड्यानं घ्यायची, चौकशी करा, नाहीतर खासगी बस ठरवा. गगनबावड्यावरून उतरायचं की राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं, हे आदल्या दिवशी ड्रायव्हरला विचारूनच पक्कं करा. घाटात रस्त्याचं काम निघालं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. पहाटे पाचला निघालात तर साडेनऊ-दहापर्यंत मालवण येतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाकांवर बसवा आणि आल्याच्या वड्या हाताशी ठेवा. निघताना मिसळ अजिबात नको. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, तीही घाट उतरल्यावर खायची.

आता मुख्य गोष्ट. या बेटावर पावलापावलाला कथा आहेत, आणि नुसतं भराभर फिरून फोटो काढले तर त्यातली एकही कानावर पडत नाही. म्हणून आम्ही दोन भिश्या आधी कथा वाटून घेतो. एका ठिकाणाची कथा एकीनं सांगायची, तीही त्या जागेवर उभं राहून. गाडीत सांगायची नाही, गाडीत गाणी म्हणा. सांगताना एक शिस्त पाळायची: जे इतिहासात नोंदलेलं आहे ते सरळ सांगायचं, जे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत त्याला "असं सांगतात" जोडायचं. दोन्हींचा मान राहतो, आणि सोबतच्या पोरांनाही फरक कळतो.

सुरुवात होडीतून करू नका, किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापासून करा. या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त इथं केला. बेटाची जागा स्थानिक कोळ्यांनी दाखवली, आणि पाया घालताना शिसं ओतलं, असं सांगतात. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं, साधारण तीन वर्षं चाललं. इथं पाच मिनिटं उभं राहून समोर पाण्यात ती तटाची रेघ बघितली, की पुढं सगळ्या कथांना बूड मिळतं.

होडी ठरवताना एकच बोलणं पक्कं करा: परत न्यायला किती वेळानं येणार. बहुतेक होड्या तासाभराचा वेळ देतात. आपण गट आहोत, तर अडीच तास मागून घ्या आणि त्याचे पैसे आधीच ठरवा. चढण्यापूर्वी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, हे मी दोनदा ओरडून सांगते. आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, त्यामुळं होडी वळणं घेत जाते. नावाडी ज्या बाजूनं नेतो तिथून दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दोन्ही बाजूंच्या बुरुजांनी त्याला कवेत घेतलंय.

आत शिरल्यावर तटावर दोन लहान घुमट्या आहेत, वाकून आत बघावं लागतं. चुन्यात उमटलेले एका हाताचे आणि एका पायाचे ठसे. महाराजांचेच, असं सांगतात. इथं घाई करू देऊ नका. आमच्या आक्का आत वाकल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आपला हात त्या ठशाच्या मापानं हवेत धरून म्हणाल्या, "केवढासा हात गं, आणि केवढं काम!" तिथं जिची कथा होती तिनं मग काहीच सांगितलं नाही, ते बरोबरच झालं.

पुढं शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलं. मूर्ती शिवाजी महाराजांची, वीरासनात आहे, दाढी नाही, डोक्याला नावाड्यासारखी टोपी. बायका पहिल्यांदा चमकतातच. पुढचा सभामंडप मात्र आपल्या शाहू महाराजांनी बांधला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. हे कोल्हापूरच्या माणसानं इथं सांगायलाच हवं. हा किल्ला पुढं करवीर गादीकडं होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, नंतर कोल्हापूरला परत दिला, आणि १८१२ च्या तहात मालवणसह कायमचा घेतला. घरचंच माणूस लांब नांदायला गेलेलं असावं, तसं मला हे बेट वाटतं.

मग विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी. यांच्या कथा सासू-सुनांच्या जोडीनं सांगायला द्या, फार रंगतात. दोन फांद्यांच्या माडाची कथाही इथलीच; तो माड वीज पडून गेला, पण गाईडलोक अजून जागा दाखवतात. किल्ल्यात काही घरं आजही राहती आहेत. अंगणात डोकावू नका, सरबत घ्यायचं तर तिथंच घ्या.

शेवटी तटातून पश्चिमेला उतरलं की राणीची वेळा. छोटीशी वाळू, ताराराणींच्या स्नानासाठीची जागा असं सांगतात. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आपण रोज बघतो. त्यांची कथा इथं सगळ्यांत धीट मुलीला सांगू द्या. ओहोटीची वेळ साधली असेल तर खाली उतरता येतं. पाण्यात पाय ओले करण्यापलीकडं मात्र कुणाला जाऊ देऊ नका. खडक निसरडे आहेत, लाट मागून येते.

होडीत चढताना डोकी मोजा, उतरल्यावर पुन्हा मोजा. जेवणाची थाळी सकाळीच सांगून ठेवलेली असावी, शाकाहारी वेगळी. मालवणी खाजं आणि कोकम घ्यायला अर्धा तास पुरतो. साडेतीनला गाडी हललीच पाहिजे, म्हणजे घाट उजेडात चढतो. वर्गणीचा हिशोब गाडीतच वाचून दाखवा आणि उरलेले पैसे उतरायच्या आधी ज्याचे त्याला परत द्या.