आईच्या गोळ्यांचा डबा कसा आवरावा

आईला अल्झायमर असल्याचं कळलं आणि आमच्या कर्वेनगरच्या घरी येणारा पाहुणा पेढ्यांऐवजी स्मरणशक्तीच्या गोळ्यांची बाटली आणू लागला. जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क), ओमेगा, ब्राह्मी... फराळाचा डबा भरला अक्षरशः! तुमच्याकडेही हेच असेल तर आधी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आमच्या तीन बाटल्यांत बी-६ जीवनसत्त्व निघालं. ते अति झालं तर हातापायांना मुंग्या येतात.

मग रक्त तपासून घ्या, निदान बी-१२ आणि थायरॉइड. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसात बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं आणि त्यानेही विसरायला होतं. कमतरता जरूर भरून काढा, पण अल्झायमर त्याने बरा होत नाही.

जिन्कोबद्दल मी डॉक्टरांशी बोललो आणि ते बंदच केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,००० हून जास्त ज्येष्ठांवरच्या अमेरिकी चाचणीत त्याने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळला नाही. शिवाय आईला रक्त पातळ करणारी गोळी चालू, म्हणजे रक्तस्रावाची भीती. ई जीवनसत्त्वाचं जरा वेगळं. २०१४ च्या चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता थोडी हळू घटली. स्मरणशक्ती काही सुधारली नाही. एवढा मोठा डोस मनाने सुरू करू नका.

उरलेल्यांची यादी वहीत लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आणि हो, डबा वरच्या फडताळात ठेवा. आईने एकदा चहाबरोबर चार कॅप्सूल खाल्ल्या, वर मलाच म्हणाली, "शेंगदाणे मऊ पडलेत रे."