जुबात नोकरीला येताय? आधी पगाराचं चलन पाहा

दक्षिण सुदानच्या राजधानीला, जुबाला, निघण्यापूर्वी करारपत्रातली पगाराची ओळ नीट वाचा. आकडा डॉलरमध्ये हवा आणि पगार डॉलरमध्येच हातात मिळेल, असंही लिहिलेलं हवं. ‘तेवढ्या डॉलरचे बँकेच्या दराने पाउंड’ (म्हणजे दक्षिण सुदानचं चलन) असं असेल तर सही करू नका. अधिकृत दर आणि बाजारातला दर यांत अंतर पडलं की ते तुमच्याच खिशातून जातं.

कारण सरळ आहे. सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचं, आणि ते तेल समुद्रापर्यंत पोचतं सुदानमधून जाणाऱ्या पाइपलाइनने. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी सुरू झाली, उत्पादन घटलं, पुढच्या वर्षी तेलाचे भावही कोसळले. डॉलरचा दर २.९५ पाउंडांवर बांधलेला होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो मोकळा सोडल्यावर थेट १८ च्या वर गेला. म्हणजे ५,९०० पाउंडांचा पगार कागदावर २,००० डॉलर होता, तो सव्वातीनशेच्याही खाली आला. २०१६ मध्ये वार्षिक महागाई ८०० टक्क्यांपलीकडे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानमधल्या लढाईत पाइपलाइन फुटली आणि पाउंड पुन्हा घसरला. आपलीच काही मंडळी सांगतात, ‘आता दर स्थिर आहे.’ ऐकू नका. आठवड्याच्या खर्चापुरतेच पाउंड बदला. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या, न फाटलेल्या, न चुरगळलेल्या आणा. जुन्या नोटा दुकानदार परत करतात.

बाजारातला बहुतेक माल युगांडातून, सीमेवरच्या निमुले गावापासून जुबापर्यंतच्या १९२ किलोमीटरच्या रस्त्याने येतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर दिलेले पैसे टोमॅटोच्या भावात चढतात. एप्रिल २०२१ मध्ये ट्रकचालकांच्या हत्या झाल्या आणि गाड्या सीमेवरच उभ्या राहिल्या. म्हणून तीन आठवड्यांचं तांदूळ, डाळ, तेल घरात असू द्या, जनरेटरचं डिझेलही.

नाक्यावरच्या शिपायाशी आवाज चढवू नका. त्याचा पगार कित्येक महिने थकलेला असू शकतो. इथली माणसं लबाड नाहीत, लढाईने त्यांचं उत्पन्न खाल्लं आहे.

पोचल्याबरोबर भारतीय दूतावासात नाव नोंदवा. जुलै २०१६ मध्ये ‘संकटमोचन’ मोहिमेत वायुसेनेच्या विमानांनी आपल्या लोकांना बाहेर काढलं, तेव्हा वैध प्रवासी कागदपत्रं लागली आणि सोबत फक्त ५ किलोची हातबॅग नेता आली. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत ठेवायला देऊ नका, ‘सगळेच देतात’ असं कुणी म्हटलं तरी.