परदेशी व्हिसाचा अर्ज करताय? सीमाभागातल्यांनी या चुका टाळा

माझ्या मावशीला लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचं होतं. खात्यात पैसे होते, लेकीचं निमंत्रण होतं, जावयाने तिथल्या सरकारी कार्यालयातून करून पाठवलेलं हमीपत्रही होतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही बेंगळुरूला पोचलो. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीने मावशीचा पासपोर्ट आणि लेकीचा जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवला आणि पेनाचं टोक एका अक्षरावर टेकवलं. दोन्हीकडे लता, पण दाखल्यावर इंग्रजीत 'टी'च्या पुढे 'एच'. मूळ नोंद कन्नड, आणि कन्नडवरून इंग्रजी लिहिणारे 'त'साठी 'टीएच' वापरतात. दाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची बाई एकच कशावरून? आमच्याकडे उत्तर होतं, कागद नव्हता. फेरी वाया गेली आणि नवी तारीख मिळेपर्यंत मावशीच्या डोळ्याला डोळा नव्हता.

तेव्हापासून नात्यातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या फायली मी लावून दिल्या. आपल्याकडची, म्हणजे बेळगावकडच्या सीमाभागातली, गाठ जवळजवळ दर वेळी एकाच ठिकाणी असते. शाळेचा दाखला मराठीत, जन्माची नोंद आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. फाईल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला सीमाभाग ठाऊक नसतो. त्याला या तीन भाषांतून एकच माणूस दिसायला हवा, आणि तो दाखवणं आपलं काम आहे.

म्हणून तारीख घेण्याआधी एका संध्याकाळी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर-अक्षर लावून बघा. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इकडच्या नोंदींत बऱ्याचदा नावापुढे नुसतं आद्याक्षर येतं. आधारवर एक, बँकेत दुसरं. किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत करून नोटरी करा. मावशीचं काम दुसऱ्या खेपेला त्यावरच झालं. पण चूक खुद्द पासपोर्टवर असेल, किंवा आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर प्रतिज्ञापत्रावर वेळ मारून नेऊ नका, आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारला आहे. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं एकुलतं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापलं जातं.

चंदगड, गडहिंग्लजहून इकडे दिलेल्या मुलींचं तर आणखी अवघड. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लग्नाचा दाखला महाराष्ट्रातला, रेशनकार्ड कर्नाटकातलं. अर्जात पासपोर्टवरचंच नाव लिहा, 'इतर नावे' या रकान्यात सासरचं लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तो रकाना रिकामा सोडणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

जन्मगावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेळगावचं नाव बदललं. जुन्या पासपोर्टवर जुनं इंग्रजी स्पेलिंग, आधारवर नवं. आपण घरात काय म्हणतो आणि मनात काय आहे ते अर्जात आणू नका. जन्मस्थळ पासपोर्टवर छापलंय तसंच उतरवा, आणि नावबदलाची एक ओळ सोबतच्या पत्रात घाला.

भाषांतर घरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून करून घेऊ नका. ब्रिटनच्या अर्जात तर अनुवाद अचूक असल्याचं लेखी विधान, तारीख, अनुवादकाचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हे सगळं लागतं. अनुवादकाला पासपोर्टची झेरॉक्स देऊन बजावून सांगा, नावं यातल्यासारखीच लिहा.

आता पैशांचं. शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कारखान्याचं ऊसबिल आलं की खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते, नंतर कितीतरी महिने शांतता. पगारदारांची खाती बघायची सवय असलेल्या अधिकाऱ्याला ही रक्कम उसनी आणून भरल्यासारखी वाटते. त्यातून शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नसतं. अशा वेळी ऊसबिलाच्या पावत्या, उताऱ्याचा अनुवाद आणि 'ही रक्कम अमुक हंगामाच्या उसाची' असं साध्या इंग्रजीत लिहिलेलं पत्र जोडा. आपल्याकडे बरीच बचत पतसंस्थेत किंवा भिशीत असते. भिशी कागदावर दिसत नाही, आणि पतसंस्थेच्या हाती लिहिलेल्या पासबुकावर सगळा भार टाकता येत नाही. निघायच्या सहा-आठ महिने आधीपासून व्यवहार बँकेच्या खात्यातून करा. आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून दोन लाख आणून भरले तर फायदा होण्याऐवजी संशयच वाढतो.

युरोपातल्या शेंगेन देशांचे (जर्मनीसारखे, ज्या सगळ्यांना मिळून एकच व्हिसा चालतो) नियम छापील आहेत, तिथे चुकण्याचं कारणच नाही. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा, २ पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आली तर ४५. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे. परत न मिळणारं विमानतिकीट व्हिसाआधी काढू नका.

पत्त्याची लबाडीही नको. पुणं, गोवा आपल्याला जवळ, म्हणून कोल्हापूरच्या मेव्हण्याचा पत्ता घालणारे मला भेटलेत. काही देश राहत्या राज्यावरून केंद्र ठरवतात, काहींना कुठलंही केंद्र चालतं. तारीख घेण्याआधी त्या देशाच्या संकेतस्थळावर वाचा आणि खरा पत्ता लिहा.

एक मात्र कळकळीने सांगतो. पर्यटन व्हिसावर जा, तिथे गेल्यावर नोकरीचं बघू, असं सांगणाऱ्या एजंटाला पासपोर्ट देऊ नका. भेटीच्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. मालकाने पगार दिला नाही तरी पोरगा तक्रारीला जायला घाबरतो, कारण आधी तोच पकडला जाईल. नोकरीसाठी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं.

व्हिसा नाकारला गेला तर तो लपवू नका. पुढच्या अर्जात 'आधी नकार मिळाला का' हा प्रश्न येतोच. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ब्रिटनचे दरवाजे १० वर्षं बंद होऊ शकतात. शेंगेनच्या नकारपत्रावर कारणांसमोर खुणा केलेल्या असतात. त्या खुणा वाचा, नेमकं तेच कारण दूर करणारा कागद मिळवा, आणि मगच पुन्हा अर्ज करा. तीच फाईल दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली तर पुन्हा तेच पत्र येतं, शुल्क वेगळं.